नाव घ्या, पण स्वतःचंही!

मराठीत 'नाव' या शब्दाची गंमत बघा. बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो आणि घरात सून आली की तिला नावं ठेवतो. फरक काय तो एका अनुस्वाराचा. मुलगा शिकून मोठा झाला की घराण्याचं नाव काढतो, मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं की ती घराण्याचं नाव घालवते. आणि लग्नात, डोहाळजेवणात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात सगळ्याजणी मिळून एकीच्या मागे लागतात, 'नाव घे गं, नाव घे!' ती बिचारी लाजत लाजत चांदीची वाटी, सोन्याचा चमचा करत उखाणा जुळवते. त्या उखाण्यात नाव असतं नवऱ्याचं. तिचं स्वतःचं नाव कुणी विचारतच नाही.

तर मैत्रिणींनो, आज जरा या नावा-आडनावांविषयीच बोलू या. विषय गमतीचा आहे, पण गंमत संपली की त्यात थोडं टोचणारंही आहे.

आडनावांपासून सुरुवात करू. आपल्याकडचं सगळ्यात सोपं आडनाव म्हणजे गावाच्या नावापुढे 'कर' लावलेलं. साताऱ्याचे ते सातारकर, इंदापूरचे ते इंदापूरकर, वेंगुर्ल्याचे ते वेंगुर्लेकर. पण सातारकर साताऱ्यात राहत असताना सातारकर नसतो. साताऱ्यात तर सगळेच सातारचे! गाव सोडून दुसरीकडे गेला, तिथे लोकांनी विचारलं, 'कुठले तुम्ही?' आणि मग ते नाव त्याला चिकटलं. म्हणजे 'कर' हे आडनाव गाव सोडणाऱ्याचं आहे.

आता मला सांगा, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या गाव कुणी सोडलं? पुरुष पोटापाण्यासाठी, वतनासाठी, दुष्काळात गाव सोडत. बाईनं मात्र प्रत्येक पिढीत, प्रत्येक घरात गाव सोडलं. मग खरं तर सगळ्यात जास्त 'कर' बायकांच्या नावापुढे लागायला हवे होते. बोलण्यात ते लागतातही. वाड्यावस्तीवर अजूनही जावाजावा एकमेकींना 'इंदापूरकरीण', 'अकलूजकरीण' म्हणतात, सासू 'आमची ती फलटणची' म्हणते. पण ही 'करीण' कधी कागदावर आली नाही. रेशन कार्डावर नाही की सातबाऱ्यावर नाही. पुरुषानं गाव सोडलं तर त्याचं गाव आडनाव होऊन पुढच्या दहा पिढ्यांना पुरलं. बाईनं गाव सोडलं, तर तिचं गाव तिच्याबरोबरच संपलं.

दुसरी आडनावं हुद्द्यांची. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही सगळी एकेकाळची कामं. गावाचा कारभार पाहणारा पाटील, हिशेब लिहिणारा कुलकर्णी, तेच काम परगण्याचं करणारे देशमुख-देशपांडे. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांतला शेवटचा 'नीस' हा फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसीत लिहिणारा पारसनीस. सुतार, लोहार, सोनार, कुंभार ही तर उघडच आहेत. नांदेड, चंद्रपूर, गडचिरोलीकडे 'वार' शेवट असलेली आडनावं भेटतात, तिथे शेजारच्या तेलुगूतल्या आदरार्थी 'वारु'ची सावली पडलेली दिसते. आडनावावरून माणूस कोणत्या मुलखातला, त्याच्या पणजोबाचं काम काय, हे असं थोडंफार कळतं. जात कळते असंही लोकांना वाटतं, म्हणून तर नवीन भाडेकरू आला की 'नाव काय'च्या आधी 'आडनाव काय' विचारलं जातं. पण एकट्या 'पाटील' आडनावाखाली किती जातींचे लोक आहेत हे मोजायला बसलात तर दमून जाल.

या हुद्द्यांमध्येही बायका आहेत, पण कशा? पाटलाची बायको पाटलीण, देशमुखाची देशमुखीण, जोशाची जोशीण. तिचा हुद्दा नाही, ती हुद्द्याची बायको. घरातलं सगळं काम तिच्या अंगावर, पण तिच्या एकाही कामाचं आडनाव झालं नाही. सुईणीच्या हातून गावातली सगळी पोरं जन्माला आली, पण तिच्या कामावरून पुढे कुणाचं घराणं ओळखलं गेलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

तिसरा प्रकार म्हणजे टोपणनावांची आडनावं. इथे मराठी माणसानं कुणालाच सोडलेलं नाही. वाघ, कोल्हे, लांडगे, मुळे, काकडे, दोडके, पडवळ, भोपळे, टकले, बोबडे, आगलावे, दहातोंडे, सहस्रबुद्धे! कुठल्या तरी पूर्वजाला गावानं हाक मारली आणि नातवंडं-पतवंडं ती हाक शाळेच्या हजेरीत ऐकत बसली. यात एक आडनाव आहे अष्टपुत्रे. आठ मुलगे झाले म्हणून कौतुकानं पडलेलं असणार. आता आठ मुली झालेली घरं काय कमी होती? पण 'अष्टकन्ये' आडनाव तुम्ही कुठे ऐकलंय? मी नाही ऐकलेलं.

यावरून मुलींच्या नावांकडे येऊ. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत दगडू, धोंडू, कचरू, भिकाजी अशी नावं सर्रास असत. घरात मुलं जगत नसली की पुढच्या बाळाला मुद्दाम असं ओबडधोबड नाव ठेवायचं. म्हणजे काळाला वाटावं, हा तर दगड, हा तर कचरा, याला नेऊन काय करायचं? नाव वाईट, पण त्यामागे आईबापाचा जीव तुटत असे. 'हे तरी राहू दे' एवढंच त्यात मागणं होतं. मुलींचीही धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई अशी नावं याच भीतीतून आली.

पण मुलींसाठी एक वेगळं नाव होतं, ते कुठल्याच मुलाला मिळालं नाही. नकोशी. कुठे नकुशा, कुठे नकुसा. तिसरी-चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. दगडू आणि नकोशी ही दोन्ही नावं ऐकायला सारखीच वाईट वाटतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दगडूचं नाव त्यानं जगावं म्हणून ठेवलेलं असे. नकोशीचं नाव तिच्यासाठी नव्हतंच, ते अजून न जन्मलेल्या भावासाठी होतं. शाळेत रोज हजेरीला बाई हाक मारणार 'नकोशी' आणि ही म्हणणार 'हजर'!

ही फार जुनी गोष्ट नाही हं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची यादी निघाली आणि जाहीर कार्यक्रम घेऊन त्यांना नवी नावं दिली गेली. कुणी ऐश्वर्या नाव घेतलं, कुणी सावित्री. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. ज्यांना नकोशी हे नाव मिळालं, त्या निदान जन्माला तरी आल्या, असं म्हणायची वेळ त्या आकड्यांनी आणली. ज्या मुलींनी त्या दिवशी आपलं नाव बदललं, त्यांना किती हलकं वाटलं असेल! म्हणूनच नाव बदलणं वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. कुणी बदललं, कुणाच्या इच्छेनं बदललं, हे महत्त्वाचं.

आणि तिथेच ते तांदळाचं ताट आठवतं. लग्न लागलं, लक्ष्मीपूजन झालं, की ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं. काल संध्याकाळपर्यंत जी सुनीता होती, ती आज सकाळी श्रद्धा. पेढे वाटले जातात, फोटो निघतो. नवरी नवं नाव वाचून हसते, कारण फोटोग्राफर समोर उभा असतो.

ही रीत किती खोल गेलीय ते बघा. १८६५ साली कल्याणला एक मुलगी जन्मली, तिचं नाव यमुना. नऊ वर्षांची असताना लग्न झालं आणि गोपाळराव जोशांनी तिचं नाव ठेवलं आनंदी. हीच ती १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली आनंदीबाई. तिच्या आधी तीन वर्षं, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावात कुर्लेकरांच्या घरी जन्मलेली मुलगीही यमुनाच. तिचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं. त्यांना माधवराव म्हणत, म्हणून माधवाची ती रमा. रमाबाई रानडे, पुढे सेवासदनच्या. आणखी एक जोडी घ्या. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका लग्नानंतर झाली झाशीची राणी लक्ष्मीबाई. आणि गोखल्यांची मनकर्णिका नारायण वामन टिळकांशी लग्न झाल्यावर झाली लक्ष्मी, नारायणाची लक्ष्मी! 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

दोन यमुना आणि दोन मनकर्णिका. या चौघींनी मिळालेल्या नावाचं सोनं केलं, यात शंका नाही. पण एवढ्या कर्तबगार बायकांचीही पाळण्यातली नावं आज आपल्याला हुडकून काढावी लागतात. मग आपल्या खापरपणजीचं काय झालं असेल? माधवाची रमा, नारायणाची लक्ष्मी. कानाला गोड आहे, पण तिच्या नावाचा अर्थ त्याच्या नावावरून ठरलेला. रमेला जुळावं म्हणून कुण्या दाजीबाचं माधव झालेलं ऐकलंय का कधी?

काही बायकांनी नावाचा हाच खेळ आपल्या बाजूनं फिरवला. माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालती बेडेकर आणि पुस्तकावर विभावरी शिरूरकर. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा, बाईच्या मनातलं उघड लिहायला त्यांना तिसरं नाव घ्यावं लागलं. दोन नावं इतरांनी दिलेली, तिसरं स्वतः घेतलेलं, आणि साहित्यात टिकलं ते तिसरं.

'अहो, पण आता काळ बदलला, हल्ली कोण नाव बदलतं?' असं तुम्ही म्हणाल. मोठ्या शहरात कमी झालंय खरं. तालुक्याच्या गावी मात्र ताट अजून निघतं. पहिलं नाव राहिलं तरी मधलं नाव आणि आडनाव तर बदलतंच. आणि खरी कसरत सुरू होते ती नंतर. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात घरी ठेवलेलं तिसरंच. आमच्या शेजारच्या वहिनींना एका खात्यातले पैसे काढताना 'ही तुम्हीच कशावरून?' असं विचारलं गेलं, तेव्हा त्या काउंटरवरच म्हणाल्या, 'मलाही तेच कोडं पडलंय!' हसण्यावारी नेलं त्यांनी, पण प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि चार हेलपाटे चुकले नाहीत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल, त्या अर्जातच लग्नापूर्वीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव असे दोन रकाने होते. पुरुषांच्या कुठल्या अर्जात असे दोन रकाने तुम्ही पाहिलेत? आधारवर नाव बदलायची मुभा आयुष्यात फक्त दोनदा आहे, हेही लक्षात ठेवा. त्यात एखादीचं लग्न मोडलं, किंवा तिनं पुन्हा लग्न केलं, तर तिनं कितव्यांदा कोण व्हायचं?

याहून मोठा प्रश्न जमिनीचा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली, २००५ मध्ये ती देशभर झाली. पण वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यापुढे उभी राहते ती भलत्याच नावाची बाई. बापाच्या घरची कागदपत्रं एका नावाची, हिच्या हातातलं ओळखपत्र दुसऱ्या नावाचं. मग 'उर्फ' लावा, दाखले आणा. ज्या भावाला द्यायचं नसतं, त्याला हे निमित्त पुरतं. नावाचा हा मामला भावनेचा वाटतो, पण शेवटी तो असा गुंठ्यांवर येऊन ठेपतो.

कायद्याचं म्हणाल, तर लग्नानंतर बाईनं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला जोडण्याची सक्तीही २०१६ च्या डिसेंबरमध्ये काढून टाकली. म्हणजे सक्ती आहे ती आपल्या मनाची आणि मांडवातल्या माणसांची.

यावर दोन-तीन प्रश्न हमखास येतात. पहिला, 'माहेरचं आडनाव म्हणजे तरी काय, बापाचंच ना? मग नवऱ्याचं लावलं तर काय बिघडलं?' प्रश्न रास्त आहे. आडनाव बापाकडूनच आलंय. पण पहिलीच्या हजेरीपासून पंचवीस वर्षं ते मी वापरलंय. माझ्या मैत्रिणी, माझे गुण, माझं पहिलं बक्षीस त्या नावाशी बांधलेलं आहे. भावालाही ते बापाकडूनच मिळालं, पण त्याला कुणी म्हणत नाही की ते तुझं नाही!

दुसरा प्रश्न, 'एका घरात दोन आडनावं, लोक काय म्हणतील?' लोक चार दिवस म्हणतील आणि पाचव्या दिवशी पोस्टमन बरोबर पत्र टाकायला लागेल. घर एक राहतं ते माणसांमुळे, पाटीवरच्या आडनावामुळे राहत असतं तर भाऊबंदकी कुठेच झाली नसती.

तिसरा, 'आम्ही हौसेनं नाव ठेवतो, त्यात वाईट काय?' हौस असू द्या की. पण जिचं नाव आहे तिला आधी विचारा. एखादीला स्वतःचं नाव खरंच आवडत नसतं, एखादीला सासरचं आडनाव लावायला आनंद वाटतो. तिनं खुशाल बदलावं, तिला कुणी मागासलेली म्हणू नये. फक्त ते ताट सजण्याच्या आधी, याद्या करायला बसता तेव्हाच, 'तुझं नाव काय राहावंसं वाटतं?' एवढं एक वाक्य कुणीतरी तिला विचारावं. मानपानाच्या साड्यांचे रंग विचारायला वेळ असतो, मग याला का नसावा?

आता आईच्या नावाविषयी. ११ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. जन्मदाखला, शाळेची कागदपत्रं, परीक्षेचे अर्ज, सगळीकडे. त्यावर काहींनी 'हे कसलं नवीन फॅड' म्हणून नाकं मुरडली. त्यांना एकदा नाशिकच्या पांडवलेण्यांत न्यायला हवं. तिथल्या शिलालेखात जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीच्या आपल्या सातवाहन राजाचं नाव कोरलेलं आहे, गौतमीपुत्र सातकर्णी. गौतमीचा मुलगा. आणि लेख कोरवून घेणारी त्याची आई, गौतमी बलश्री. तिच्या नातवाचं नाव वासिष्ठीपुत्र पुळुमावी. एवढ्या मोठ्या राजांना आईचं नाव लावण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्या बंड्याला का वाटावा?

पण याच निर्णयात लग्न झालेल्या बाईचं नाव मात्र आहे तसंच, म्हणजे तिचं, नवऱ्याचं आणि सासरचं आडनाव, असं चालू ठेवलंय. मालमत्तेच्या कागदांवर लग्नाआधीचं नाव लावायची परवानगी मात्र दिलीय. ही सवलत लहान वाटली तरी मोलाची आहे. घर, प्लॉट, शेत नावावर होताना ती आठवणीनं वापरा.

शेवटी एक काम सांगते, ते या रविवारी करा. वही घ्या आणि तुमच्या आईचं, सासूचं, दोन्ही आज्यांचं लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहायचा प्रयत्न करा. बघा, किती जमतात. जातीच्या दाखल्यासाठी घराघरांतून वंशावळ काढली जाते, त्यात पणजोबा, खापरपणजोबा ओळीनं असतात, पण पणजी कुठेच नसते. ज्या आज्या हयात आहेत त्यांना विचारा, 'आजी, तुला लहानपणी काय हाक मारायचे गं?' बऱ्याच जणींना साठ वर्षांत हे कुणी विचारलेलंच नसेल. आधी त्या 'काय करायचंय आता ते' म्हणून उडवून लावतील. तरी चिकाटीनं बसा. मग त्या पदरानं तोंड झाकून हसतील आणि ते नाव सांगतील. ते लिहून ठेवा. आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यात नवऱ्याचं नाव हौसेनं घ्या, पण त्याच्या मागोमाग तुमचं स्वतःचं नावही, पाळण्यातलं, मोठ्यानं घ्या. यमक आपोआप जुळेल.